एलिव्हेटरमधून पुन्हा पुन्हा जळका वास, मध्येच भपका: डाळ मिलमध्ये काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. तुरीचा हंगाम भरात आहे, मिल दोन पाळ्यांत चालू आहे आणि आठ-पंधरा दिवसांतून एकदा एलिव्हेटरपाशी, म्हणजे पट्ट्यावरच्या बकेटांनी माल वर चढवणाऱ्या उभ्या नळीपाशी, रबर जळाल्याचा वास येतो. हमाल ओरडतो, "भाऊ, बूटमातून धूर निंघी ऱ्हायना!" म्हणजे बूटमधून, एलिव्हेटरच्या खालच्या पेटीतून, धूर निघतोय. फिटर येतो, हात लावून बघतो, बेअरिंग तापलेलं असतं. बेअरिंग बदललं जातं. दोन आठवडे बरे जातात, मग पुन्हा तोच वास. एखाद्या दिवशी सायक्लोनच्या, म्हणजे हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या शंकूच्या डब्याच्या, तोंडाशी 'भप्प' होऊन झाकण उडतं, कोणाच्या तरी भुवया होरपळतात, थोडक्यात निभावलं म्हणून शेठ नारळ फोडतात आणि संध्याकाळची पाळी वेळेवर सुरू होते.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलला तोटा नाही, त्यामुळे ही गोष्ट कुठल्या एका मिलची नाही. बेअरिंग बदलून ती सुटत नाही, कारण बहुतेक वेळा बेअरिंग हा गुन्हेगार नसतोच. तेही दुसऱ्या कशामुळे तरी तापलेलं असतं. आणि तो 'भप्प' आवाज तर बेअरिंगचा नाहीच, तो धुळीचा आहे. म्हणजे दुखणी दोन आहेत: उष्णता कुठून येते हे एक, आणि उष्णता आल्यावर पेटायला धूळ तयार का असते हे दुसरं. मिलमध्ये पहिल्याचा शोध अर्धवट घेतला जातो आणि दुसऱ्याचा घेतलाच जात नाही. माझ्या मते दुसरं जास्त धोक्याचं आहे, पण वास आज येतोय म्हणून आधी पहिलं घेऊ.

आज, आत्ता वास येतोय तर

एलिव्हेटरचा माल आधी बंद करा, मग मोटर, मग ब्लोअर. ब्लोअर चालू राहिला तर धुमसणारा निखारा ओढून सायक्लोनमध्ये नेतो. माणसं बाजूला काढा. एलिव्हेटरची दारं, बूटची झाकणं लगेच उघडू नका. आत धुमसत असेल तर झाकण उघडताच हवा मिळते, वरून थरथरून धूळ पडते आणि भडका तोंडावर येतो. बाहेरच्या पत्र्याला तापमान मोजायची गन लावून, खालून वर, हात-हातभर अंतरावर बघत जा. चकचकीत पत्र्यावर ही गन कमी तापमान दाखवते. म्हणून चार-पाच ठिकाणी काळ्या रंगाचे ठिपके आधीच मारून ठेवावेत आणि रीडिंग तिथलंच घ्यावं. तापमान चढतच असेल तर अग्निशमन दलाला फोन करा, आणि फोनवरच सांगा की आत बारीक धूळ आहे. धुळीच्या ढिगावर पाण्याचा जोरदार झोत मारला की ढीग उडून ढग होतो. पाणी हवं, पण धुक्यासारखं, हलक्या फवाऱ्याने. आग विझवायच्या साध्या सिलिंडरचा झोतही जवळून मारला तर तेच करतो.

सायक्लोन तुंबला असेल तर त्यावर हातोडी मारून मोकळा करायची सवय सगळीकडे आहे. कुठल्याही जुन्या सायक्लोनच्या खालच्या शंकूकडे बघा, पोचेच पोचे दिसतील. ते पोचे म्हणजे तो किती वेळा तुंबला याची हजेरीच. पण आत निखारा असताना हातोडी मारली तर चिकटलेली धूळ एकदम खाली येते, ढग होतो, आणि निखारा तर तिथे आहेच.

पट्टा घसरतोय का, हे कानाने कळतं

वास रबराचा असेल तर पहिला संशय पट्ट्यावर घ्या. हेडची, म्हणजे एलिव्हेटरच्या वरच्या टोकाची, पुली पूर्ण वेगाने फिरते आणि पट्टा मागे राहतो. मग पुलीवरचं रबर पट्ट्याला घासत बसतं. पट्टा पूर्ण अडकला तर काही मिनिटांत तो जळून तुटतो आणि पेटलेला तुकडा सरळ नळीतून बूटमधल्या धुळीवर पडतो. धान्याच्या एलिव्हेटरमधले स्फोट जगभर ज्या वाटांनी झाले, त्यातली ही अगदी मळलेली वाट.

घसरण मोजायला यंत्र लागत नाही. पट्ट्याचा सांधा बोल्टचा असेल तर तो हेडच्या पुलीवरून जाताना 'टक्' असा आवाज येतो. हेडपाशी कान देऊन मोबाईलच्या घड्याळावर दहा 'टक्' व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा पट्टा रिकामा असताना, एकदा पूर्ण मालावर. हिशेब असा: पुली ४०० मिमीची, शाफ्ट मिनिटाला ९० फेरे, तर पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर. पट्टा एकूण २० मीटर असेल तर एक फेरी १०.६ सेकंदांत, दहा फेऱ्या १०६ सेकंदांत व्हायला हव्यात. मालावर १२५ सेकंद लागले तर पट्टा १५ टक्के घसरतोय. रिकामा चालताना १०६ आणि मालावर १२५, म्हणजे ताण कमी आहे किंवा पुलीवरचं रबर गुळगुळीत झालंय. दोन्ही वेळा १२५ आले तर आधी शाफ्टचे फेरे मोजा. मोटरचा व्ही-बेल्टच ढिला असू शकतो.

कायमचा उपाय म्हणजे बूटच्या शाफ्टवर स्पीड सेन्सर. खालचा शाफ्ट पट्ट्यामुळे फिरतो, त्यामुळे त्याचा वेग म्हणजे पट्ट्याचा खरा वेग. अमेरिकेत मोठ्या धान्य एलिव्हेटरना नियमच आहे: वेग २० टक्के उतरायच्या आत मोटर आपोआप बंद पडली पाहिजे. आपल्याकडे हा सेन्सर बसवायला नको म्हणणारे मालक बेअरिंगवर वर्षाला त्याहून जास्त घालवतात. आणि बसवलेला सेन्सर 'सारखा ट्रिप होतो' म्हणून तार जोडून बायपास केलेला असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तारेतच आहे. तो उगाच ट्रिप होत नव्हता.

बूट का तुंबतो

पट्टा अडकण्याचं मुख्य कारण बूटमध्ये माल साचणं. तो साचतो का? बरेचदा दोष पुढच्या यंत्रात असतो. ग्रेडर किंवा चाळणी बंद पडते, एलिव्हेटर मात्र माल चढवत राहतो, वरून पुढच्या यंत्राकडे जाणारी उतरती नळी भरते आणि माल परतीच्या नळीने खाली येऊन बूट भरतो. यावर इंटरलॉक हा एकच इलाज: पुढचं यंत्र थांबलं की मागचं आपोआप थांबलं पाहिजे. पॅनलवाल्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम. दुसरं कारण म्हणजे हमाल गेट एकदम पूर्ण उघडतो. गेटला खाच करून पिन लावा, पिनेच्या पुढे ते जाऊच नये.

बूट तुंबल्यावर बटण दाबून-सोडून हिसके देत पट्टा मोकळा करायचा प्रकार मात्र ताबडतोब थांबवा. प्रत्येक हिसक्याला पुली अडकलेल्या पट्ट्यावर घासते. मोटर बंद, मेन स्विचला कुलूप, किल्ली आत हात घालणाऱ्याच्या खिशात, आणि मग बूट हाताने रिकामा. वेळ लागतो, लागू द्या.

मग बेअरिंग

एवढं तपासूनही बेअरिंग तापत असेल तर ते आतल्या बाजूला आहे की बाहेर, हे बघा. जुन्या एलिव्हेटरमध्ये बेअरिंग खोक्याच्या पत्र्याला चिकटून किंवा आतच असतं. धूळ ग्रीसमध्ये मिसळून लापशी होते. बेअरिंग पत्र्यापासून दूर, ब्रॅकेटवर बाहेर काढा, म्हणजे तापलं तरी धुळीत नाही आणि हाताला सापडतं. ग्रीस जास्त मारणं हाही दोषच. बेअरिंग ठासून भरलं की ते ग्रीस घुसळतच तापतं. तूर डाळीला तेलाचा हात दिलेला असतो, तेव्हा तेलकट भुशी बेअरिंगच्या घरावर जाड बसते आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

किती तापलं म्हणजे फार? मे महिन्यात जळगाव-भुसावळला हवाच ४५ अंशांवर जाते, त्यामुळे हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आमचा ठोकताळा असा की आजूबाजूच्या हवेपेक्षा ४० अंशांहून जास्त गरम असेल तर थांबवून बघायचं. त्याहून चांगलं म्हणजे रोज एकाच वेळी, एकाच ठिपक्यावर रीडिंग घेऊन वहीत लिहायचं. एखादं बेअरिंग शेजाऱ्यापेक्षा रोज दोन-तीन अंश पुढे जायला लागलं की वास यायच्या कितीतरी आधी वही सांगते.

पट्टा एका बाजूला सरकून खोक्याला घासत असेल तर बूटमध्ये काळी रबरी भुकटी सापडते आणि आतल्या पत्र्यावर एक चकचकीत पट्टी उमटते. खालची पुली दोन्ही बाजूंच्या स्क्रूने सारखी ताणलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि बूट साफ करताना सुटलेला बकेट बोल्ट सापडला तर तो खिशात टाकून विसरू नका. तो कुठल्या बकेटचा ते शोधा, कारण त्याचा जोडीदारही ढिला असणार, आणि तो डाळीची साल काढणाऱ्या खरखरीत एमरी रोलपर्यंत पोचला की ठिणगी ठरलेलीच. मालाच्या तोंडाशी चुंबक असतं, पण ते प्रत्येक पाळीला पुसलं तरच चुंबक. खिळे-तारांची दाढी वाढलेलं चुंबक नवीन खिळा धरत नाही.

ठिणगी नेहमीच मिळेल. धूळ का मिळते?

आता दुसरं दुखणं. बारीक धुळीचा स्फोट व्हायला पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात: जळणारी धूळ, हवा, ठिणगी किंवा उष्णता, धूळ हवेत उडालेली असणं, आणि ती बंद जागेत असणं. पहिल्या तिघांची नुसती आग होते. उरलेल्या दोघांनी तिचा स्फोट होतो. एलिव्हेटरची नळी, सायक्लोन, भुशाची खोली, इथे शेवटच्या दोन गोष्टी कायम हजर असतात. धूळ कशाची, याला फार महत्त्व नाही. साखर, पीठ, स्टार्च, लाकडाचा भुसा, हळद, मिरची, कोळसा, ॲल्युमिनियम, जे जळतं ते अर्ध्या मिलिमीटरहून बारीक झालं की संशयित धरायचं.

पण मिल उद्ध्वस्त होते ती पहिल्या भपक्याने नव्हे. पहिला भपका एलिव्हेटरच्या आत, लहानसा असतो. त्याच्या धक्क्याने छपराच्या कैच्या, अँगल, केबल ट्रे, ट्यूबलाइटच्या पट्ट्या यांवर साचलेली धूळ एकदम खाली येते आणि मागून येणारी ज्वाळा ती पेटवते. हा दुसरा स्फोट पूर्ण शेडभर होतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात हेच झालं. सायलोखालच्या पट्ट्याला पत्र्याचं आवरण घातलेलं होतं, आत साखरेची धूळ कोंडली, बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली आणि पुढचे स्फोट मजल्यामजल्यांवर साचलेल्या साखरेने घडवले. १४ माणसं गेली. त्याआधी १३० वर्षं, २ मे १८७८ ला, मिनियापोलिसची वॉशबर्न 'ए' ही पिठाची गिरणी अशीच उडाली आणि १८ जण मेले. तिथे जात्याचे दोन दगड कोरडे घासले असं धरलं जातं. पीठ उडतं, हे तेव्हाही नवीन नव्हतं. इटलीत तुरीनच्या एका बेकरीतला पिठाचा स्फोट १७८५ सालचा आहे, आणि त्याची लेखी नोंद आहे.

कैचीवरची धूळ किती म्हणजे फार, हा हिशेब एकदा कागदावर करून बघाच. पिठासारख्या धुळीचं वजन घनमीटरला ५०० किलो धरलं तर एक मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. शेड पाच मीटर उंच असेल आणि सगळीकडे हा थर उडाला तर हवेत घनमीटरला १०० ग्रॅम धूळ होते. धान्याच्या बऱ्याच पिठांचा ढग घनमीटरला ५०-६० ग्रॅमपासून पेट घेऊ शकतो. म्हणजे नखाने ओढलेली रेघ उमटते एवढा थर पूर्ण शेड उडवायला पुरतो. खालची फरशी लख्ख असून भागत नाही. मालक फिरतात खाली आणि धूळ बसते वर. शिडी लावून कैचीवर बोट फिरवा. खालचा रंग दिसत नसेल तर तुमच्या मिलमध्ये वासाच्या तक्रारीपेक्षा मोठी तक्रार आहे.

ही धूळ काढायची कशी, इथे सगळ्यात जास्त चूक होते. कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन पोरगा वर चढतो आणि दहा मिनिटांत सगळं 'साफ' करतो. त्या दहा मिनिटांत शेडमध्ये तोच ढग तयार असतो जो आपल्याला कधीच होऊ द्यायचा नाही, आणि खाली पॅनल चालू असतं. हवा मारायची नाही. यंत्रं बंद करून, थंड झाल्यावर, मऊ झाडूने हलक्या हाताने सुपात ओढायची. घरगुती व्हॅक्यूमही नको, त्याची मोटर ठिणग्या पाडते. धुळीसाठी बनवलेला घ्यावा लागतो. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबायचं नाही, हंगामात आठवड्याला एकदा वर चढायचं. अँगल आणि गर्डरवर साठ अंशांच्या उताराचे पत्रे ठोकले तर धूळ बसतच नाही, हा खर्च एकदाच होतो.

साफ केल्यावर आठ दिवसांत थर परत आला तर झाडूवाल्याला बोलू नका. कुठून तरी गळतंय. एलिव्हेटरच्या दारांचे गॅस्केट, चाळणीचे कापडी मोजे, सायक्लोनच्या खालचं एअरलॉक (धूळ खाली सोडून हवा अडवणारी झडप), हे बघा. रात्री एकच दिवा ठेवून टॉर्चचा झोत आडवा मारला की धुळीचा झरा जिथून निघतो ती जागा दिसते.

शेतीचा पाइप सक्शनला लावलेला असेल तर

आपल्या भागात पीव्हीसी पाइप मुबलक आणि स्वस्त. त्यामुळे सायक्लोनला जाणारी सक्शन लाइन ठिबकच्या मेन लाइनच्या उरलेल्या पाइपातून टाकलेली दिसते. कोरडी धूळ प्लास्टिकमधून वेगाने गेली की स्थिर वीज साठते आणि प्लास्टिक ती जमिनीत सोडत नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत असताना हा त्रास वाढतो. लोखंडी किंवा जीआय पाइप टाका, प्रत्येक फ्लँजवरून, म्हणजे पाइपाच्या सांध्यावरून, तांब्याची पट्टी घेऊन अर्थिंग करा, लवचिक नळी असेल तर तिच्यातली तार दोन्ही टोकांना जोडा. अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये सुकलेला असतो, त्यात पाणी घालायचं लक्षात ठेवा. एलिव्हेटरचा पट्टाही अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारा, मागा.

दिवे आणि मोटरींबाबत एक गैरसमज सरसकट आहे: 'फ्लेमप्रूफ' लिहिलेलं बसवलं की झालं. गॅससाठीचं फ्लेमप्रूफ आणि धुळीसाठीचं उपकरण या वेगळ्या गोष्टी. धुळीच्या जागी मुख्य मागणी अशी की आत धूळ शिरता कामा नये, म्हणजे आयपी ६५ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरचं, धुळीच्या जागांसाठी प्रमाणित केलेलं, आणि बाहेरचा पृष्ठभाग फार तापता कामा नये. हवेतल्या ढगाला पेटायला साधारण चारशे अंश आणि वर लागतात. साचलेला थर त्याहून बऱ्याच कमी तापमानाला धुमसायला लागतो. हॅलोजनवर बसलेली भुशी आठवा.

वेल्डिंग तर शेवटी येतंच, कारण फाटलेला पत्रा चालू हंगामातच फाटतो. शक्य असेल तो भाग खोलून बाहेर अंगणात न्या. नसेल तर दोन्ही बाजूंनी धूळ काढा, नळीची तोंडं ओल्या गोणपाटाने बंद करा, काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस तिथे बसवा.

झाकण उडणारच असेल तर कुठे उडावं

सगळं करूनही एलिव्हेटरच्या आतली धूळ शून्य होत नाही. म्हणून दाब बाहेर जायला वाट हवी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये हे साध्या शब्दांत होतं: यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची कारणं दूर ठेवा, आणि यंत्र स्फोटाचा दाब सोसणारं नसेल तर व्हेंट किंवा तसलं साधन लावा. एलिव्हेटरच्या हेडवर व्हेंटची तावदानं, त्यांची तोंडं छपराबाहेर. सायक्लोन आणि भुशाची खोली शेडबाहेर. व्हेंटचं तोंड कुठे आहे ते मात्र दुपारी जाऊन बघा. भिंतीच्या ज्या बाजूला सावली असते तिथेच हमाल भाकरी खायला बसतात, आणि तावदान नेमकं त्यांच्या डोक्यावर उघडत असतं. व्हेंट किती मोठा, हा हिशेब अंदाजाने करायचा नाही. त्यातल्या जाणकाराकडून, धुळीची चाचणी करून घ्या.

जिनिंग, मिरची, बफिंगवाल्यांसाठी थोडंसं

धरणगाव-जामनेरकडच्या जिनिंगचं दुखणं थोडं वेगळं. तिथे रुईचे तंतू स्फोटापेक्षा आगीचा वणवा जास्त करतात. कैचीवरच्या तंतूंवरून ज्वाळा शेडच्या या टोकापासून त्या टोकाला पळते. आणि गाठीत गेलेला निखारा कित्येक दिवस आत धुमसतो. वरून पाणी मारून गाठ विझत नाही, कारण पाणी आत शिरतच नाही. संशय आलेली गाठ गोदामात न ठेवता मोकळ्यावर, एकटी ठेवा. कापसातून येणारे दगड, तारा, खिळे पकडायची सोय जिनच्या आधीच हवी.

नंदुरबार-दोंडाईचाकडे मिरची पूड करणाऱ्यांनी चक्कीच्या तोंडाचं चुंबक आणि पिशवी फिल्टरचं अर्थिंग या दोन गोष्टी आजच बघाव्यात. ॲल्युमिनियमचं बफिंग, म्हणजे घासून पॉलिश, करणाऱ्यांना मात्र वरचा पाण्याचा सल्ला लागू नाही. त्या धुळीच्या आगीवर पाणी पडलं की हायड्रोजन तयार होतो. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडरच वापरायची. आणि ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्याच्यावर ॲल्युमिनियम घासू नका, दोघांची धूळ एका पिशवीत नको.

परत सुरू करताना

सगळी दुरुस्ती झाल्यावर एलिव्हेटर आधी अर्धा तास रिकामा चालवा. दहा 'टक्' मोजा, काळ्या ठिपक्यांवर तापमान घ्या, दोन्ही वहीत लिहा. मग अर्ध्या मालावर, मग पूर्ण मालावर, हेच आकडे परत. पुढचे तीन आठवडे प्रत्येक पाळीला एकदा. सेकंद वाढत नाहीत, ठिपक्यावरचं तापमान हवेच्या मागे-मागेच राहतंय आणि कैचीवर आठ दिवसांनी बोट फिरवल्यावर खालचा रंग दिसतोय, तर तक्रार मिटली. सेकंद ठीक आहेत पण बेअरिंग तरीही चढतंय, तर शाफ्ट वाकलाय का ते डायल गेज लावून बघा. तिथून पुढचं काम लेथवाल्याचं.